टेपला पडलेली दोन भोकं: एका अल्को इंजिनातल्या साउंड डीकोडरची जोडणी

मागच्या पावसाळ्यात माझा एक तरुण सहकारी जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं एक इंजिन बुटांच्या खोक्यात घालून घरी घेऊन आला. एचओ प्रमाणातलं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढं डब्ल्यूडीएम-२. बॉडी थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतलेली आणि हाताने रंगवलेली, खाली एका जुन्या अमेरिकन सहा आसांच्या अल्को मॉडेलची चासी. "दादा, अर्धा तास मस्त चाललं. मग जळका वास आला आणि सगळं बंद. आवाजही नाही, दिवाही नाही," तो म्हणाला.

आत साउंड डीकोडर होता, म्हणजे रुळातून येणारे हुकूम वाचून मोटर, दिवे आणि आवाज चालवणारं छोटं सर्किट. तो इथे दुकानात जाऊन उचलता येत नाही. बाहेरून मागवायचा, वाट बघायची, वर ड्युटी भरायची. त्याचे वडील पुणे-मिरज मार्गावर लोको पायलट होते, घोरपडीच्या शेडची अल्को इंजिनं त्यांनी वर्षानुवर्षं चालवलेली. त्यांची, म्हणजे काकांची, पंचाहत्तरी दोन महिन्यांवर आली होती आणि हे इंजिन त्यांच्यासाठी होतं. दुसरा डीकोडर मागवण्याआधी पहिला का गेला हे कळायला हवं, एवढी एकच अट मी घातली. नवा डीकोडर जोडून बघू, असं करणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचा दुसराही जातो.

अल्कोच का

डब्ल्यूडीएम-२ मुळात अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीच्या, म्हणजे अल्कोच्या आराखड्यावरचं इंजिन. १९६४ पासून ते वाराणसीच्या कारखान्यात बनू लागलं. आत अल्कोचं २५१ जातीचं १६ सिलिंडरचं डिझेल इंजिन, ताकद २६०० अश्वशक्ती. पुण्याहून कोल्हापूरकडे जाणारी कोयना, महालक्ष्मी किंवा सह्याद्री एक्स्प्रेस ज्याने शिंदवणे किंवा आदर्की घाट चढताना ऐकली आहे, त्याला हा आवाज वेगळा सांगावा लागत नाही. नॉच, म्हणजे थ्रॉटलची पायरी, वाढवला की इंजिन आधी काळा धूर ओकतं, मग दम भरून गरजतं.

हौशी लोकांचं सुदैव असं की हेच २५१ इंजिन अमेरिकेतल्याही बऱ्याच अल्को गाड्यांत होतं. त्यामुळे साउंड डीकोडर बनवणाऱ्यांकडे त्याचा ध्वनिसंच तयार मिळतो. डब्ल्यूडीएम-२ च्या नावाने काही शोधायची गरज नाही. १६ सिलिंडरचं अल्को २५१ शोधलं की काम होतं. फक्त हॉर्न अमेरिकन असतो. त्याने पुढे काय केलं ते येईलच.

तपासणी

बॉडी काढली. जोडणी व्यवस्थित होती, हे मुद्दाम सांगतो, कारण मी उलटं गृहीत धरलं होतं. डीकोडरच्या तारांचे रंग ठरलेले असतात: लाल उजव्या रुळाकडून, काळी डाव्या रुळाकडून, नारिंगी आणि करडी मोटरच्या दोन टोकांना, निळी दिव्यांची सामाईक धन तार, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या. सगळं जागच्या जागी. टाके चकचकीत, प्रत्येकावर स्लीव्ह चढवलेली. पोराने काम मन लावून केलं होतं. आणि डीकोडरच्या एका चिपवर मात्र तांदळाच्या दाण्याएवढा फोड आला होता.

मल्टिमीटर बीपवर ठेवला, दोन टोकांमध्ये विजेची वाट असेल तर तो वाजतो. एक टोक चाकाला, एक मोटरच्या ब्रशच्या पट्टीला. बीप नाही. चारही जोड्या तपासल्या: दोन पट्ट्या, दोन बाजूंची चाकं. काहीच नाही. इंजिन मऊ फडक्यावर उलटं झोपवलेलं होतं. तपासणी इथेच संपवली असती तर कारण कधीच सापडलं नसतं. ते सुलटं केलं, रुळाच्या तुकड्यावर ठेवलं आणि बोटाने मोटरवर हलका दाब दिला. बीप वाजला. बोट उचललं, थांबला. परत दाबलं, परत वाजला.

मोटर बाहेर काढली. जुन्या चासींमध्ये मोटरच्या वर आणि खाली एकेक पितळी पट्टी असते. ब्रशला वीज पोचवायची आणि ब्रशची स्प्रिंग दाबून धरायची, ही दोन्ही कामं तीच करते. खालच्या पट्टीला दोन टोकदार कान असतात आणि ते थेट धातूच्या चासीत रुततात. साध्या डीसी गाडीत, म्हणजे डीकोडरशिवाय थेट रुळाच्या विजेवर धावणाऱ्या, ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं: एका रुळाची वीज चाकातून चासीत, चासीतून या दोन कानांवाटे मोटरला. वेगळी तार लागतच नाही. डीकोडर बसवताना नेमकी हीच वाट तोडावी लागते.

पोराला हे माहीत होतं. त्याने चासीच्या खाचेत काळी इन्सुलेशन टेप लावली होती, एकच थर. मी ती टेप सोलून खिडकीच्या उजेडात धरली. सुईने टोचावीत तशी दोन भोकं, एकमेकांपासून बोटाच्या पेरापेक्षाही जवळ, आणि एका भोकाच्या कडेला काळा ठिपका.

पहिला अर्धा तास टेपने तग धरला. मग मोटर तापली, काळी टेप मऊ पडली, डिंक सरकला, आणि प्रत्येक थरथरीबरोबर ते कान आत घुसत गेले. एकदा धातूला धातू लागल्यावर काही उरत नाही. डीसीसीमध्ये, म्हणजे डीकोडरला रुळातूनच हुकूम पाठवायच्या पद्धतीत, रुळांवर साधारण १४-१५ व्होल्टची चौकोनी लहर असते. तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा बदलते. अर्धी लहर ५८ मायक्रोसेकंदांची असली तर तो एक, १०० किंवा जास्त असली तर तो शून्य. वीजही तीच आणि निरोपही तोच. डीकोडर ही लहर सरळ करून आपल्या चार ट्रान्झिस्टरांमधून मोटरला देतो. मोटरचं एक टोक चासीवाटे परत रुळाला लागलं की रुळाची वीज मागच्या दाराने त्याच ट्रान्झिस्टरांवर येते. कमांड स्टेशनचं, म्हणजे रुळाला वीज आणि हुकूम देणाऱ्या यंत्राचं, संरक्षण काही अँपियरला तुटतं, आणि मोटरसाठी या डीकोडरची मर्यादा दीड अँपियर. आधी कोण जाणार हे उघड आहे.

मोटर सुटी करणं

पट्टी काढताना ब्रशची स्प्रिंग उडते आणि कार्बनचा इवलासा ब्रश पलंगाखाली जातो, हे मी एकदा भोगलं आहे. म्हणून मोटर, चिमटा आणि दोन्ही हात पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काम केलं. खालची पट्टी निघाली. दोन्ही कान कातरले आणि जागा कानशीने सपाट केली, पुन्हा पुन्हा बोट फिरवून, कुठे काही खुपत नाही याची खात्री होईपर्यंत. करडी तार पट्टीला बाहेरच सोल्डर केली. पट्टी मोटरवर बसवून टाका मारला तर उष्णतेने ब्रशची बैठक वितळू शकते.

चासीच्या खाचेत पिवळी कॅप्टॉन टेप, दोन थर, एक आडवा एक उभा. तापमानाला ती काळ्या टेपसारखी मऊ पडत नाही. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत रीळ मिळतं आणि एक रीळ वर्षानुवर्षं पुरतं. काळी टेप मोटरखाली कधीच लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग मोटर बसवून तिला चासीतच, डीकोडरशिवाय, ९ व्होल्टच्या बॅटरीवर तासभर फिरवली. चांगली गरम झाल्यावर बॅटरी काढून पुन्हा मीटर: सुलटं, उलटं, दाबून, फ्लायव्हील हाताने पूर्ण फिरवून. बीप नाही. त्याच बैठकीत १२ व्होल्टवर फ्लायव्हील क्षणभर बोटांनी अडवून प्रवाह मोजला. १.१ अँपियर भरला. जुन्या मोटरी कधीकधी यापेक्षा बऱ्याच खादाड असतात, म्हणून ही मोजणी डीकोडर मागवण्याआधी करायची असते. दीड अँपियरचा डीकोडर चालणार होता. आम्ही ईएसयूचा लोकसाउंड ५ मागवला.

चाकांपासून येणारी वीजही मी नव्याने बांधली. मूळ रचनेत एक लांब पत्रा मोटरवरून जाऊन दोन्ही बोग्यांच्या, म्हणजे इंजिनाखालच्या वळणाऱ्या चाकगाड्यांच्या, मानेला नुसता टेकत होता. साध्या गाडीला ते चालतं. फार तर दिवा क्षणभर मिणमिणतो. आवाजाच्या गाडीत तो क्षण महाग पडतो, कारण वीज तुटली की डीकोडर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि चालत्या गाडीत इंजिन स्टार्ट झाल्याचा आवाज येतो. पत्रा काढला, दोन्ही बोग्यांपासून काळ्या मऊ तारा आणल्या, आणि चासीला एका स्क्रूखाली लाल तार आवळली. बोगीच्या तारा ती ज्या बिंदूवर फिरते त्याच्याजवळून वर काढाव्या आणि थोड्या सैल सोडाव्या, नाहीतर वळणावर त्या बोगीला ओढतात आणि गाडी रुळावरून उतरते.

दिव्याचं काम छोटं होतं. पांढरा एलईडी, निळ्या तारेवर एक किलोओहमचा रेझिस्टर, झालं. मागच्या दिव्याची पिवळी तार टोक झाकून तशीच ठेवली.

स्पीकर

पहिल्या जोडणीत अर्धा तास तरी आवाज आला होता. कसा होता, मी विचारलं. "डबा वाजवल्यासारखा, दादा," तो म्हणाला. खोक्यात बघितलं तर स्पीकर बॉडीच्या छताला दुहेरी टेपने नुसता चिकटवलेला.

स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दोन्ही बाजू मोकळ्या सोडल्या तर पुढची लाट आणि मागची लाट कडेवरून भेटतात आणि एकमेकींना मारतात. खर्ज सगळ्यात आधी जातो, उरतो तो चिरका भाग. म्हणून स्पीकरच्या मागे बंद पेटी लागते, आणि बंद म्हणजे खरोखर बंद, टाचणीएवढी फट नको.

अल्कोच्या बाबतीत हे जास्तच भोवतं. २५१ इंजिन आयडलला, म्हणजे जागच्या जागी नुसतं चालू असताना, मिनिटाला ४०० फेरे घेतं. चार स्ट्रोकचं इंजिन, १६ सिलिंडर, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला आठ स्फोट, सेकंदाला सुमारे ५३. आठव्या नॉचला १००० फेरे, सेकंदाला १३३. पंधरा बाय अकरा मिलिमीटरच्या स्पीकरला ५३ हर्ट्‌झ काढणं अशक्य आहे. काही शे हर्ट्‌झच्या खाली तो जवळजवळ मुका असतो. तरीही आपल्याला ती धडधड ऐकू येते, कारण मूळ स्वर नसला तरी त्याचे वरचे पडसाद बरोबर अंतराने आले की कान खालचा स्वर स्वतः भरून काढतो. हे पडसाद शाबूत ठेवणं, एवढंच पेटीचं काम.

दोन आठ ओहमचे स्पीकर घेतले आणि समांतर जोडले, मिळून चार ओहम. हा डीकोडर चार ओहम सांभाळतो. जुन्या बऱ्याच डीकोडरांना आठच्या खाली चालत नाही, तिथे हा प्रयोग करू नये. पेट्या एक मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटच्या, लांब हुडच्या, म्हणजे बॉडीच्या लांब नाकाच्या, आत मावतील तेवढ्या उंच. सांध्यांवर आतून फेव्हिकॉलचा एक हात. तारेचं भोकही त्यानेच बुजवलं.

जोडल्यावर आवाज आला, पण एका स्पीकरपेक्षाही पोकळ. माझी पहिली शंका पेटीवर गेली आणि तासभर मी फटी शोधत बसलो. दोष पेटीत नव्हताच. एक स्पीकर उलटा जोडला गेला होता, एकाचा पडदा बाहेर येताना दुसऱ्याचा आत. इतक्या लहान स्पीकरवर अधिक-उण्याची खूण असतेच असं नाही. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पडदा कुठे उडी मारतो ते आधी बघून घ्यायला हवं होतं. सेल लावला, एकाच्या तारा बदलल्या, आणि टेबलाची फळी थरथरली. पोराने माझ्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही. त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो.

रुळावर

नवी जोडणी थेट मुख्य रुळावर ठेवायची नाही. सेटिंग करायच्या वेगळ्या रुळावर, म्हणजे प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, प्रवाह मर्यादित असतो, चूक राहिली असेल तर डीकोडर वाचतो. डीकोडरमध्ये साठवलेल्या सेटिंगच्या आकड्यांना सीव्ही म्हणतात. त्यातला सीव्ही ८, म्हणजे बनवणाऱ्याचा क्रमांक, वाचायला सांगितला. उत्तर येईना. डीकोडर उत्तर देतो ते मोटरला किंचितसा झटका देऊन: सहा मिलिसेकंद, किमान ६० मिलिअँपियर. कमांड स्टेशन ती वाढ ओळखतं. म्हणजे उत्तर नसेल तर मोटरच्या वाटेवर आधी शंका घ्यायची. नारिंगी तारेचा टाका वरून ठीक दिसत होता, पण तार हलवली की गोल फिरत होती. कोरडा टाका, आणि तो माझा. पुन्हा मारला, उत्तर आलं: १५१. ईएसयूचा क्रमांक.

पत्ता, म्हणजे थ्रॉटलवरून इंजिनाला हाक मारायचा क्रमांक, द्यायचा तर एक गंमतशीर अडचण येते. आपल्या इंजिनांचे क्रमांक पाच आकडी, डब्ल्यूडीएम-२ चे सोळा-सतरा-अठरा हजारांतले, आणि डीसीसीचा सगळ्यात मोठा पत्ता १०२३९. म्हणून शेवटचे चार आकडे घेतात. बॉडीवर काकांच्या आवडीचा क्रमांक रंगवला होता, त्यातले ७२४५ घेतले. सीव्ही १७ मध्ये २२०, सीव्ही १८ मध्ये ७७, आणि सीव्ही २९ मध्ये ३४. हा ३४ जाणूनबुजून: लांब पत्ता आणि वेगाच्या २८ पायऱ्या चालू, साध्या डीसीवर धावणं बंद. ते चालू राहिलं तर रुळावरचा निरोप बिघडल्यावर इंजिन कधीकधी त्याला डीसी समजून सुसाट सुटतं.

मग सरळ रुळाचा लांब तुकडा, सीव्ही ५४ मध्ये शून्य, आणि थ्रॉटलवरचं एफ१ बटण. इंजिन दोनेक सेकंद जोरात धावून थांबलं. तेवढ्यात डीकोडरने मोटरची नाडी ओळखून घेतली. आधी पहिल्या पायरीवर ते धक्के खात होतं, आता स्लीपर मोजत निघालं.

काका

आवाज बसवायचं काम त्यांच्याशिवाय करायचं नाही हे मी ठरवलं होतं. पंचाहत्तरीच्या आधीच पोराला सांगून त्यांना घरी बोलावलं. आश्चर्याचा बेत मोडला, पण दुसरा इलाज नव्हता. चहा झाला. काकांनी इंजिन हातात घेतलं, उलटं केलं, बोग्यांचे आस बघितले. डब्ल्यूडीएम-२ च्या बोगीत तीन आसांमधलं अंतर सारखं नसतं, ते बरोबर आहे म्हणाले. रुळाकडे बघून, "गेज कमी वाटतं," हेही म्हणाले. खरंच आहे. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला या प्रमाणात १९ मिलिमीटरच्या वर रूळ हवा, एचओचा १६.५ असतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी आजवर कुणी ते नजरेने ओळखलं नव्हतं.

इंजिन सुरू केलं. आयडल ऐकून त्यांनी मान हलवली. मी थ्रॉटल फिरवला, गाडी लगेच निघाली.

"नाही हो. एवढ्यात कशी निघेल? मागे सतरा-अठरा डबे आहेत. नॉच घेतला की आधी इंजिन बोलतं, मग गाडी हलते."

सीव्ही ३, म्हणजे वेग धरायला लागणारा वेळ, वाढवत नेला. ८० वर ते हो म्हणाले: थांब्यापासून पूर्ण वेगाला साधारण वीस सेकंद, आणि मधल्या काळात इंजिनाची गर्जना गाडीच्या पुढे धावते. मग आवाजाची पातळी. सीव्ही ६३ मध्ये मूळ १८० होते, आम्हा दोघांना ते आवडत होते. काका उठून दाराशी जाऊन उभे राहिले. "इथून मला एवढं दिसतंय म्हणजे खरं इंजिन बरंच लांब आहे. लांबचं इंजिन एवढं ओरडत नाही." १८० चे ९५ केले. त्यांचं बरोबर होतं. कमी आवाजात स्पीकरची चिरचिर गेली आणि धडधड उरली.

हॉर्न वाजवला तेव्हा त्यांनी हात वर केला, बंद करा अशी खूण. तीन-चार स्वर एकदम वाजवणारा अमेरिकन हॉर्न तो. पोराकडे जेजुरी स्थानकावर कधीतरी फोनवर घेतलेलं एक रेकॉर्डिंग होतं, त्यात निघतानाचा हॉर्न स्वच्छ आला होता. संगणकावर तो कापला, मागचा चहावाल्याचा आवाज शक्य तेवढा काढला, मोनो केला, आणि सुरुवात, मधला भाग आणि शेवट असे तीन तुकडे पाडले. मधला भाग बटण दाबलेलं असेपर्यंत फिरत राहतो. ते जोड ऐकू येऊ नयेत म्हणून दोन रात्री गेल्या. मग डीकोडरमध्ये आवाज भरायच्या लोकप्रोग्रॅमर या साधनाने तो भरला.

पंचाहत्तरीच्या दिवशी हॉलमध्ये दोन सतरंज्यांच्या मधून रूळ टाकला होता. काकांनी थ्रॉटल घेतला, एक लांब हॉर्न दिला आणि गाडी काढली. सव्वा तास ती चालली. मी अधूनमधून बॉडीवर हात ठेवून बघत होतो; कोमट, त्यापलीकडे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. वरच्या नॉचवरून एकदम शून्यावर आणलं तर टर्बोची शीळ लगेच थांबते, ते चूक आहे, ती काही सेकंद उतरत जायला हवी. तेवढं बसवता येईल का, त्यांनी विचारलं. येईल, म्हणालो. रविवारी ते दोघे इंजिन घेऊन येत आहेत. बॉडी काढतोच आहोत तर मागच्या दिव्याची पिवळी तारही जोडून टाकू.